पुनश्च ग्राउंड!

नववीपर्यंत तुम्ही काय होतात, ते आठवतंय? खो-खोच्या टीममध्ये होतात. किंवा कबड्डीत कॉर्नर सांभाळत होतात, जिल्ह्याला चारशे मीटर धावला होतात. निदान सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत अंधारात बॉल दिसेनासा होईपर्यंत क्रिकेट तरी चालायचं. मग दहावी आली. 'एकच वर्षाचा तर प्रश्न आहे, नंतर आहेच की खेळायचं,' असं घरात ठरलं. ते वर्ष संपेपर्यंत अकरावीचा क्लास सुरू झाला होता. त्यामागून बारावी, सीईटी किंवा नीट, कुणाचा एखादा ड्रॉप, मग नवं शहर, होस्टेल, सबमिशन. बघता बघता चार-पाच वर्षं गेली. आता लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट फक्त स्टाफसाठी आहे आणि दुसऱ्या मजल्यावर मोबाइल बघायच्या निमित्ताने तुम्हाला थांबावं लागतंय.

हा लेख त्या दुसऱ्या मजल्यावर थांबणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी आयुष्यात कधीच व्यायाम केला नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. पण एकदा सोडून परत येणाऱ्याचं दुखणं जरा वेगळं असतं. नवख्याला आपण नवखे आहोत हे माहीत असतं. परत येणाऱ्याच्या डोक्यात मात्र जुनं रेकॉर्ड पक्कं बसलेलं असतं. डोकं नववीतलं आणि पाय एसवायचे! म्हणून तो पहिल्याच दिवशी ग्राउंडला पाच चकरा मारायला निघतो, दुसऱ्या चकरेत पोटात कळ येते, तिसऱ्या चकरेत खाली बसतो आणि 'आपलं आता संपलं' असा निकाल स्वतःच लावून खोलीवर येतो. दोन दिवस अंग आंबलेलं असतं, तिसऱ्या दिवशी पाऊस असतो, चौथ्या दिवशी ओरल्स. झालं.

तर आधी त्या निकालाबद्दल. तो चुकीचा आहे, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक प्रयोग झाला. स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंगट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांची पाच निरोगी मुलं निवडली, म्हणजे बरोब्बर तुमच्या वयाची, आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. चालणं-फिरणं बंद. तीन आठवड्यांनी तपासलं तेव्हा शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे आपण ज्याला साध्या भाषेत दम म्हणतो तो, पाव हिश्शाहून जास्त घसरला होता. मग त्याच पाच जणांकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला. गेलेलं सगळं भरून निघालं, आणि वर थोडं जास्तच मिळालं.

गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं गेलं. वजनं वाढली होती, पोटं सुटली होती. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचा दम जितका खाल्ला होता, त्याहून जास्त विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने खाल्ला होता! आणि सहा महिने टप्प्याटप्प्याने व्यायाम केल्यावर तो पुन्हा १९६६च्या सुरुवातीच्या पातळीला आला. पाचच माणसांचा प्रयोग, त्यावर फार इमले बांधू नयेत हे खरंच. पण दिशा स्पष्ट आहे. तुमचा दम गेलाय तो वयामुळे नाही, बसून राहिल्यामुळे. आणि बसून गेलेलं परत येतं. शिवाय तुम्ही काही चार वर्षं अंथरुणाला खिळून नव्हतात. कॅन्टीनपर्यंत चालत होतात, बसमागे पळत होतात, गणपतीत नाचत होतात.

स्नायूंची गोष्ट याहून आशादायक आहे. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की व्यायामाने स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या पेशीत नवी केंद्रकं जमा होतात आणि व्यायाम बंद करून स्नायू बारीक झाला तरी ती बराच काळ टिकून राहतात. म्हणजे कारखाना बंद पडला तरी यंत्रं आत शाबूत. माणसांत हे अगदी असंच घडतं का, यावर अजून वाद आहेत. पण फिनलंडमधला २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माणसांवरचाच आहे. एका गटाने सलग २० आठवडे वजनं उचलली. दुसऱ्याने १० आठवडे उचलली, मग १० आठवडे पूर्ण सुट्टी घेतली आणि पुन्हा १० आठवडे उचलली. शेवटी ताकदीत दोन्ही गट जवळपास बरोबरीला होते, कारण सुट्टीवरून आलेल्यांनी गेलेलं फार भराभर परत मिळवलं. दहा आठवडे आणि चार वर्षं यात फरक आहेच, पण ज्याने पूर्वी जोर काढलेत त्याच्या खांद्यांना ते काम अनोळखी नसतं.

इथवर वाचून उद्याच पाच चकरा मारायचा विचार करत असाल, तर थांबा. कारण शरीर परत येतं, पण सगळं एकाच वेगाने येत नाही. या लेखातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

सगळ्यात आधी येतो दम. व्यायाम थांबला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शरीरातल्या रक्ताचं आकारमान घटतं आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. जिना चढताना धाप लागते ती मुख्यतः यामुळे. चालणं-पळणं सुरू केलं की हेच आकारमान एक-दोन आठवड्यांत वाढायला लागतं. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. आणि सगळ्यात मागे असतात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि खुद्द हाडं. टाचेच्या मागची कंडरा किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा हाताने चाचपून बघा. त्यांच्यातली उलाढाल फार संथ असते, नव्या ओझ्याला सरावायला त्यांना महिने लागतात. हाडाचं तर असं, की नवं ओझं आलं की ते आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते थोडं कच्चं असतं. लष्करात नव्याने भरती झालेल्यांच्या पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, त्याला डॉक्टर फार पूर्वीपासून 'मार्च फ्रॅक्चर' म्हणत आले आहेत. पोलीस भरतीची जाहिरात आली की धावण्याच्या चाचणीसाठी अचानक रोज डांबरी रस्त्यावर पळायला लागणाऱ्या मुला-मुलींच्या नडग्या दुखायला लागतात, त्यामागेही ही घाईच असते.

म्हणून खरा धोका पहिल्या आठवड्यात नसतो. तेव्हा धापच इतकी लागते की तुम्ही आपोआप जपून असता. धोका असतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दम आलेला असतो, अंग हलकं वाटतं, मित्र म्हणतो, 'चल, आज पाच किलोमीटर,' आणि तुम्हालाही जमेल असं वाटतं. जमतंही. बिल दहा दिवसांनी येतं, नडगी किंवा टाच धरून.

आता अंग आंबण्याबद्दल, कारण तिथेच निम्मे लोक सोडतात. पर्वती किंवा सिंहगड खूप दिवसांनी चढून आलात, तर दुसऱ्या दिवशी मांड्या का दुखतात? चढल्यामुळे असं सगळे म्हणतात. मुख्य कारण उतरणं हे असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतो आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. बैठकेत खाली जाताना हेच होतं. हे दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचतं आणि मग ओसरतं. 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' हे जिममधलं लाडकं निदान बरोबर नाही, कारण ते व्यायामानंतर तासा-दोन तासांतच निघून जातं. चांगली बातमी अशी, की एकदा थोडं दुखून घेतलं की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम तितका दुखत नाही. म्हणून पहिली मात्रा अगदी लहान हवी. दुखायला हवं, पण जिन्यावरून उलटं उतरावं लागू नये.

याची एक वाईट बाजू आहे आणि ती कॉलेजवाल्यांना माहीत असायला हवी. होस्टेलवर पैज लागते, 'बघू कोण पाचशे बैठका मारतो.' खूप दिवसांनी एकदम इतका भार टाकला तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातला रंगद्रव्याचा भाग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर ती 'आराम करतो, बरं वाटेल' अशी गोष्ट नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सीनियर्सनी शिक्षा म्हणून बैठका काढायला लावल्या असतील तर ते रॅगिंग आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग सुरुवात कशी करायची?

जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्मं. हे ऐकायला अपमानास्पद आहे, मान्य. पण पहिला महिना हा फिट व्हायचा महिना नाही, सवय लावायचा आणि कंडरांना उठवायचा महिना आहे. एक दिवसाआड ग्राउंडवर जा. पाच मिनिटं झपाझप चाला, मग एक मिनिट हळू पळा आणि दोन मिनिटं चाला, असं सहा वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाला. अर्धा तासही होत नाही. दोन आठवड्यांनी पळणं दोन मिनिटं आणि चालणं एक मिनिट. पाचव्या आठवड्यात पाच मिनिटं पळून एक मिनिट चालणं. दोन महिन्यांच्या आसपास सलग वीस मिनिटं पळता येतात, अनेकांना त्याआधीच. वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. घड्याळ पहिला महिनाभर खोलीवरच ठेवा. नववीतल्या टायमिंगशी तुलना करायची फार खुमखुमी असेल तर ती सहाव्या महिन्यात करा.

मधल्या दोन दिवशी ताकदीचं काम. दहा-दहा बैठकांचे दोन सेट, सहा-आठ जोर, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं पंधरा वेळा, वीस सेकंद प्लँक. जमिनीवर जोर जमत नसतील तर कट्ट्यावर हात टेकून काढा, तेही नाही जमलं तर भिंतीवर. लाज कसली, तिथूनच सगळे येतात. सूर्यनमस्कारांची आवड असेल तर उत्तमच, पण चार-सहापासून सुरू करा आणि तिसऱ्या आठवड्यात बारावर या. रथसप्तमीला कुणीतरी १०८चा फोटो टाकतं म्हणून आपण पहिल्या दिवशी मनगटं मोडून घ्यायची नाहीत. आठवड्याचं गणित म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं आणि ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस सांगते. तुम्ही तिथे तिसऱ्या महिन्यात पोहोचलात तरी चालेल.

बुटांकडे मात्र आधी बघा. चार वर्षं पलंगाखाली पडलेल्या जोडीचा तळ वापर नसतानाही कडक होतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर चक्क भुगा होतो. ट्रेकवाले हे चांगलं ओळखून असतात.

जिम लावायची का? लावा, पण वर्षाची फी एकदम भरू नका, कितीही डिस्काउंट असला तरी. महिन्याची भरा. पहिल्याच दिवशी 'जुना प्लेअर आहेस ना, मग होऊन जाऊ दे' म्हणून मोडकळीस आणणारा ट्रेनर भेटला तर त्याला सरळ सांगा की मी निम्मं करणार आहे. पावडरच्या डब्याचा प्रश्न पहिल्या महिन्यात येतच नाही. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. व्यायाम वाढला की थोडी जास्त. मेसच्या पातळ वरणात ती भागत नाहीत, हे खरं दुखणं आहे. त्यावर दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे, उसळीची जास्तीची वाटी, सोयाबीनची भाजी, ग्लासभर दूध, असे स्वस्त उपाय आहेत.

ब्रेक आजारपणामुळे झाला असेल तर थोडं थांबा. डेंग्यू, टायफॉइड किंवा साधा व्हायरल असो, अंगात ताप असताना पळायचं नाही, कारण अशा वेळी हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप गेल्यावरही अशक्तपणा सरेपर्यंत चालण्यावरच राहा. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेलं असेल, तर आधी डॉक्टर, मग ग्राउंड.

मुलींची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. त्यांचा ब्रेक पुष्कळदा दहावीपर्यंतही थांबत नाही, पाळी सुरू झाली की सातवी-आठवीतच लागतो. 'उन्हात रापशील', 'आता मोठी झालीस', ग्राउंडच्या कट्ट्यावर बसलेल्यांच्या नजरा आणि होस्टेलचं सातचं गेट. मुलगा सोडतो तेव्हा त्याला निदान कारण विचारलं जातं. मुलीने खेळ सोडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे 'मनावर घे, सगळं जमतं' हा सल्ला मुलींना द्यायला मला धीर होत नाही. अडचण मनात नसून गेटवर आहे. पण एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. तुमच्या फीच्या पावतीवर जिमखाना फीची एक ओळ आहे का, ते बघा. बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे त्या ग्राउंडचे, त्या हॉलचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. चौघी-पाच जणी मिळून क्रीडा विभागात जा आणि सकाळी सात ते आठ हॉल मुलींसाठी उघडा मिळावा असा लेखी अर्ज द्या. एकटीला 'बघू' म्हणून परत पाठवणं सोपं असतं, सही-शिक्क्याची पोच घेणाऱ्या पाच जणींना तितकं नसतं.

आणि धाप वाजवीपेक्षा जास्त लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत, महाराष्ट्रातल्याही, रक्तक्षय आढळला होता. बायकांमध्ये ते १२च्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय. रक्तातच ऑक्सिजन वाहायला गाड्या कमी असतील, तर दोष तुमच्या जिद्दीचा नाही. पाळीच्या दिवसांत व्यायाम केल्याने काही बिघडत नाही, झेपेल तेवढा करा. पळण्यासाठी चांगल्या पकडीची स्पोर्ट्स ब्रा मात्र बुटांइतकीच गरजेची आहे, तिचा खर्च 'नंतर बघू'च्या यादीत टाकू नका.

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' हे रील तुम्ही पाहिलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय लावून बघितली. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा निघाला ६६. व्यायामाच्या सवयींना खाण्या-पिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा. कारण आपल्याकडे एक खाडा झाला की 'आता सोमवारपासून' सुरू होतं, सोमवारचं एक तारखेपासून होतं आणि एक तारखेचं नव्या वर्षापासून.

खाडे तर होणारच. सेमिस्टर आहे, केटी आहे, पीएल लागली की घरचे आणि आपण स्वतःसुद्धा पहिल्यांदा काय तोडतो, तर ग्राउंड. पाच वर्षांपूर्वी हेच झालं होतं. त्यावरचं उत्तर अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१च्या प्रयोगात आहे. त्यांनी लोकांकडून आधी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला आणि मग काहींना आठवड्यातून फक्त दोन दिवसांवर आणलं, जोर मात्र तोच ठेवला. पंधरा आठवडे त्यांचा कमावलेला दम टिकून राहिला. कमवायला जितकं लागतं, त्याच्यापेक्षा टिकवायला फारच कमी लागतं. म्हणजे दहावीच्या वर्षातही आठवड्याला दोन संध्याकाळी पुरल्या असत्या, पण तेव्हा हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी घरी कुणी ऐकलं असतं याची खात्री नाही.

ग्राउंड ही एकच जागा होती जिथे तुम्हाला कुणी टक्के विचारत नव्हतं. तेव्हा या पीएलच्या टाइमटेबलमध्ये मंगळवार आणि शनिवारच्या संध्याकाळचा अर्धा-अर्धा तास आत्ताच मोकळा ठेवा. घरून फोन आला तर 'खेळायला चाललोय' असं सांगून उगाच वाद ओढवून घेऊ नका. 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हटलं, की सहसा कुणी अडवत नाही.